हद्द वाढली, आता पेठाही वसवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा पालिकेची हद्द 2020 साली वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर, दरे खुर्द हा सगळा भाग शहरात आला. मी शाहूपुरीत राहतो. हद्दवाढीबद्दल बोलताना आम्ही रहिवासी पाणी, घरपट्टी, गटारं आणि खड्डे यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण या भागाची एक मोठी उणीव कुणाच्या निवेदनात येत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. इथं घरं आहेत आणि घरांशिवाय जवळपास काहीच नाही. एका कॉलनीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, आणि या सगळ्यांच्या मध्ये चालत जाऊन दळण टाकावं, औषध घ्यावं, भाजी घ्यावी, चप्पल शिवून घ्यावी अशी ठिकाणं फार थोडी. जी आहेत ती बहुतेक पार्किंगच्या जागेत शटर लावून, भीत भीत चालवलेली.

वाढीव हद्दीसाठी पालिकेला वेगळा विकास आराखडा करावा लागतो, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये तशी तरतूद आहे. माझं म्हणणं या आराखड्यापुरतं आहे. त्यात आमच्या भागावर नुसता पिवळा निवासी रंग फासू नये. घरं आणि घराला लागणारे छोटे व्यवसाय एकत्र नांदतील असे रस्ते आणि चौक नकाशावर आखून, नाव घेऊन दाखवावेत.

माझा जन्म चिमणपुरा पेठेतला. वडिलांचं शिवणकामाचं दुकान खाली आणि आमचं बिऱ्हाड वरच्या माडीवर. सकाळी फळ्या काढल्या की दुकान उघडं, रात्री फळ्या लावल्या की बंद. शेजारी किराणा, त्याच्या पलीकडे गिरणी, समोर एका वैद्यांचा दवाखाना, कोपऱ्यावर लोहार. यातल्या बहुतेकांची घरं दुकानाच्या वर किंवा मागच्या चौकात होती. वडील दुपारी वर येऊन गरम भाकरी खात, तेवढा वेळ आई खाली गिऱ्हाईक सांभाळी. आम्ही पोरं शाळेतून आलो की रस्त्यावरच्या दहा जणांना आमच्या येण्याची वेळ ठाऊक असे. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वसवलं, सोमवारपासून रविवारपर्यंत वारांच्या पेठा बसल्या, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, केसरकर, मल्हार अशा पेठा उभ्या राहिल्या. राजपथ हा वरचा रस्ता आणि कर्मवीर पथ हा खालचा रस्ता, यांच्यामध्ये आजही माणूस एका थैलीत आठवड्याचा बाजार चालत करून घरी येतो. पाण्याचाही विचार झाला होता. यवतेश्वरच्या डोंगरातून आणि पुढे कासहून उताराने पाणी आणलं गेलं, ते हौदांत पडलं आणि हौदाभोवती वस्ती जगली. पेठांचे दोष मला माहीत आहेत. गल्ल्या अरुंद आहेत, जुने वाडे पडायला आले आहेत, गाडी लावायला जागा नाही. तरीही पेठेत राहणारी सत्तरीची बाई कुणाच्या गाडीवर बसल्याशिवाय आपला दिवस पार पाडू शकते. शाहूपुरीत माझ्या गल्लीतल्या त्याच वयाच्या बाईला ते जमत नाही.

हे असं का झालं, ते मी जवळून पाहिलं. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, म्हणून झाली. शहराभोवतालच्या कित्येक गटांच्या, म्हणजे नंबर दिलेल्या शेतजमिनींच्या, मोजण्या माझ्या हातून झाल्या, आणि शेतातले दगड कॉलनीचे दगड होताना मी पाहिले. ही प्रक्रिया वाचकांना कळली तर पुढची मागणीही कळेल.

आपल्याकडे जमिनीचं माप साखळीवर उभं आहे. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. जुन्या गावनकाशावर गाडीवाट दाखवलेली असते ती 16½ ते 21 फुटांची, म्हणजे अर्ध्या साखळीपासून पुढे. पायवाट सव्वाआठ फुटांची, म्हणजे पाव साखळी. बैलगाडीला हे पुरत होतं. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा लागला की तो गटातले दोन-पाच गुंठे विकायचा. मग मध्ये एखादा एजंट यायचा, चुन्याच्या फक्कीने प्लॉट आखायचा, आणि रस्त्यासाठी जास्तीत जास्त वीस फूट सोडायचा. कारण रस्त्यात गेलेला प्रत्येक फूट विक्रीतून कमी होतो. दीड गुंठ्याचा प्लॉट घेणाऱ्यानेही रस्त्याची रुंदी विचारली नाही, त्याला खरेदीखत आणि विजेचं मीटर हवं होतं. तो दोषी नाही. पगारदार माणसाला शहराजवळ परवडेल अशी जमीन दुसऱ्या कुणी दिलीच नव्हती.

खरं नुकसान बांधावर झालं. प्रत्येक गटाचा रस्ता त्या गटाच्या बांधापर्यंत जाऊन थांबतो. पलीकडच्या गटाच्या मालकाने आपले प्लॉट दुसऱ्याच दिशेने पाडलेले असतात, त्यामुळे इकडचा रस्ता तिकडच्या घराच्या मागच्या भिंतीवर आपटतो. दोन कॉलन्यांमधली घरं एकमेकांपासून तीस पावलांवर, पण एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर आधी मुख्य रस्त्यावर यायचं, तिथून वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचं. अशा बंद गल्लीत दुकान चालणार कसं? त्याला फक्त त्या गल्लीतली पंधरा-वीस घरंच गिऱ्हाईक म्हणून मिळतात, तेवढ्यावर किराण्याचं भाडंही सुटत नाही. पेठेतलं दुकान चालतं कारण पेठेची गल्ली दोन्ही टोकांना उघडी असते आणि परक्या पेठेतला माणूसही तिथून जातो. म्हणजे आमच्याकडे दुकान नाही याचं मूळ आधी बंद रस्त्यात आहे, गिऱ्हाइकाच्या सवयीत नाही.

मोकळ्या जागांचंही तसंच. 0.4 हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट केला तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पण तेवढ्या जमिनीचे आधीच लहान तुकडे पाडून विकले की ही अट लागूच होत नाही. त्यामुळे कित्येक कॉलन्यांमध्ये मुलांना खेळायला जागा नाही आणि मंडईचे चार ओटे बांधायलाही जागा नाही. परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले असे प्लॉट म्हणजे गुंठेवारी. ते नियमित करण्याचा कायदा 2001 चा, आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. त्याचा फायदा झाला, अनेकांची घरं कायद्यात आली, बँकेचं कर्ज मिळू लागलं. मात्र घर नियमित झालं म्हणून समोरचा वीस फुटी रस्ता काही रुंद होत नाही.

आणि इथंच नियमावलीची गाठ बसते. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर एकच एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ती मिश्र वापराच्या विरोधात नाही. निवासी विभागात दुकान, दवाखाना, कचेरी यांना तिच्यात वाव आहे, पण तो वाव समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्ता जेवढा रुंद तेवढी मोकळीक जास्त. पुण्या-पिंपरीच्या नव्या वसाहतींना हे ठीक असेल. आमच्याकडे रुंद रस्ते आहेत ते मुख्य रस्ते आणि महामार्ग. म्हणून वाढे फाट्याकडे, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या बाजूला, कोरेगाव रस्त्याला खाली गाळे आणि वर फ्लॅट अशा इमारती दिसतात. त्यांना मिश्र वापर म्हटलं जातं, परवानगीही त्याच नावाने मिळते. त्यातल्या गाळ्याचं भाडं शिंपी, चांभार, गिरणीवाला, फॉल-पिको करणारी बाई यांच्या आवाक्यात नसतं. तिथं मोबाईलची शोरूम येते, फर्निचर येतं, बाकीचे गाळे कुलपात राहतात. आणि महामार्ग ओलांडून पिशवीभर भाजी आणायला कोण जाणार? ज्यांना दुकान चालत हवं आहे ते आत राहतात, आणि दुकानाला परवानगी मिळते ती बाहेर.

याचा भार शहरातल्या मुख्य चौकावर, पोवई नाक्यावर पडतो. 2021 मध्ये तिथला ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता, सुरू झाला, आणि खालून-वरून दोन्हीकडून गाड्या वाहू लागल्या. सकाळ-संध्याकाळ या नाक्यावर उभं राहून पाहा. दुचाकीच्या हुकाला लावलेल्या पिशव्या पाहा. त्यातली कितीतरी माणसं औषधाची पट्टी, दळण, वह्या, पाव किलो रवा यांसाठी शाहूपुरी, शाहूनगर, विलासपूरहून शहरात आलेली असतात. ही फेरी वाचली तर नाक्यावरची गर्दी किती हलकी होईल, हा विचार कोणत्याही वाहतूक आराखड्यात व्हायला हवा. पुलाला आणि भुयाराला कोट्यवधी रुपये लागतात. कॉलनीच्या आत दहा बाय दहाच्या दुकानाला परवानगी द्यायला पालिकेचा एक रुपयाही जात नाही.

आता विरोधाबद्दल. माझ्याच गल्लीत दोन वर्षांपूर्वी एका विधवा बाईंनी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवण्याचं आणि साडीला फॉल लावण्याचं काम सुरू केलं. बोर्ड लावला नव्हता. तरी कुणीतरी तक्रार केली, निवासी जागेत व्यवसाय म्हणून नोटीस आली, आणि त्यांनी मशीन आतल्या खोलीत नेलं. काम अजून चालू आहे, पण दार लावून. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तरच. मला याचा फार त्रास होतो. त्या बाईंच्या मशीनचा आवाज शेजारच्या टीव्हीपेक्षा कमी आहे. त्यांच्या दारात एका वेळी एक स्कूटी उभी असते. ज्या शहरात माझ्या वडिलांनी रस्त्याकडे तोंड करून, उजळ माथ्याने शिवणकाम केलं आणि चार मुलांना शिकवलं, त्या शहराच्या वाढीव हद्दीत तेच काम लपून करावं लागतं.

तक्रार करणारे शेजारीही माझेच आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घरासमोर उद्या बिअर शॉपी आली तर? वेल्डिंगचं दुकान आलं तर? मंगल कार्यालय आलं आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत डीजे वाजला तर? गाड्या आमच्याच फाटकासमोर लागणार. ही भीती मी मान्य करतो आणि म्हणूनच आराखडा हवा म्हणतो. आज रस्त्याच्या रुंदीची अट कागदावर आहे आणि ज्याची ओळख आहे त्याचं शटर बिनदिक्कत वर जातं, ज्याची नाही त्या बाईला नोटीस येते. त्याऐवजी काय चालेल आणि काय नाही हे आधीच ठरवून लिहिलं तर दोघांनाही संरक्षण मिळेल. शिवणकाम, इस्त्री, किराणा, औषधं, भाजी, दूध, दवाखाना, शिकवणी, सायकल दुरुस्ती, झेरॉक्स हे घराखाली चालावं. गिरणीला दिवसाची वेळ आणि धूळ अडवण्याची अट घालून चालावी. दारू, वेल्डिंग, गॅरेज, लाकूड कापायचं यंत्र, मंगल कार्यालय यांना आतल्या रस्त्यांवर मज्जाव असावा, मग अर्ज कुणाचाही असो.

रात्रीचीही एक बाजू आहे, ती मुलींच्या आई-वडिलांना विचारा. सातच्या शिकवणीहून परतणारी मुलगी आमच्या रस्त्याने येते तेव्हा दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि बंद लोखंडी फाटकं असतात. खांबावरचा दिवा गेला की पाऊलही दिसत नाही. एखादं दुकान उघडं असलं की त्याचा उजेड रस्त्यावर पडतो, दुकानदार जाणाऱ्या-येणाऱ्याला ओळखतो, कुणी मागे लागलं तर शिरायला एक दार असतं. सीसीटीव्हीची मागणी सगळे करतात. उघड्या दुकानाइतकी सोबत कॅमेरा देत नाही.

आराखड्यात नेमकं काय यावं, ते माझ्या कामाच्या अनुभवातून सांगतो. सर्वात आधी बंद गल्ल्या जोडाव्यात. त्यासाठी घरं पाडायची गरज क्वचितच पडेल. जुने गावनकाशे काढून त्यावरच्या गाडीवाटा, पायवाटा आणि ओढ्याच्या कडा आजच्या कॉलन्यांवर ठेवून पाहाव्यात. कित्येक पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या या जुन्या वाटा, अजून जिवंत आहेत, कुठे त्यांच्यावर कुंपण आलं आहे, कुठे मातीचा ढीग. त्या कुणाच्या खासगी मालकीच्या नाहीत. सव्वाआठ फुटांची पायवाट मोकळी केली तरी दोन कॉलन्या चालणाऱ्याला आणि सायकलला जोडल्या जातात आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं गिऱ्हाईक दुप्पट होतं. पाणंदीला पाणंद जोडत गेलं की प्रत्येक भागातून एकतरी रस्ता असा निघेल की जो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. त्या रस्त्याला मिश्र वापराचा रस्ता म्हणून आराखड्यात दाखवावं, आणि त्याच्या कडेच्या घरांना तळमजल्यावर छोट्या दुकानाची परवानगी रुंदीची अट शिथिल करून द्यावी. त्यासाठी शासनाकडे जावं लागलं तर जावं.

अशा रस्त्यावर चालत दहा मिनिटांच्या टापूत एक चौक असावा. चौकात भाजीचे ओटे, दवाखान्याला जागा, अंगणवाडी, एखादं वडाचं किंवा पिंपळाचं झाड आणि बसायला कट्टा. हातगाडीवाल्यांसाठी तर 2014 चा पथविक्रेता कायदाच आहे, शहर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने पालिकेने विक्रीच्या जागा ठरवायच्या असतात. त्या जागा फक्त राजवाडा आणि बसस्थानकाभोवती न शोधता वाढीव हद्दीतही ठरवाव्यात. पालिकेच्या मालकीचे गाळे बांधले तर ते लहान असावेत आणि त्यातले काही बचत गटांच्या बायकांना भाड्याने मिळावेत. लिलावात सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला सगळे गाळे दिले तर पुन्हा महामार्गावरचीच गत होईल.

आणि एक इशारा. आराखड्यात आरक्षण पडलं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जागा राखली गेली, की काम झालं असं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीनंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. मंडई, मैदान, दवाखाना अशी आरक्षणं राज्यभर या वाटेने गेली आहेत. म्हणून थोडीच आरक्षणं टाकावीत, पण त्यांच्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात पैसे ठेवावेत. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारांवर बांधकामं चढत आहेत तो विषय स्वतंत्र पत्राचा आहे. इथं एवढंच म्हणतो की सपाटीवरच्या वस्त्या राहण्याजोग्या झाल्या तर डोंगर पोखरायची घाई कमी होईल.

2021 च्या डिसेंबरात पालिकेची मुदत संपली आणि नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. हद्दवाढीत आलेल्या भागांना आपला नगरसेवक असण्याचा अनुभवच या काळात मिळाला नाही. त्यातला शाहूनगरसारखा भाग त्याआधी त्रिशंकू होता, ना ग्रामपंचायतीत ना पालिकेत. आता निवडून आलेलं सभागृह आहे. त्या सभागृहातल्या आमच्या भागाच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे की वाढीव हद्दीच्या आराखड्यावर सभेत चर्चा होईल तेव्हा नुसता रस्ते आणि गटारांचा हिशेब मांडू नका, घराखालच्या दुकानाचाही प्रश्न मांडा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. ते दिवस फार लवकर जातात. नकाशा पालिकेत लागलेला असतो, पण त्यावर आपला गट शोधणं सवयीशिवाय जमत नाही आणि बहुतेक लोक फक्त आपल्या घरावरून रस्ता जातो का एवढं पाहून परततात. नियोजन समितीपुढे सुनावणी असते, तिथं लेखी हरकत दिलेल्या माणसाला बोलता येतं. शंभर जणांनी एकच छापील अर्ज देण्यापेक्षा प्रत्येक कॉलनीने आपली बंद गल्ली, आपली पाणंद, आपल्याला हवा असलेला चौक गट नंबरासह लिहून दिला तर तो अर्ज बाजूला ठेवणं अवघड जातं.

सातबारा, फाळणी नकाशा (गटाच्या पोटहिश्श्यांचा नकाशा) आणि गावनकाशा एकमेकांवर ठेवून कसे वाचायचे, हे मी शाहूपुरी, दरे खुर्द, विलासपूर आणि शाहूनगरमधल्या कुणालाही शिकवायला तयार आहे. त्यासाठी पैसे घेणार नाही. रविवारी सकाळी कुठल्याही कॉलनीच्या मंदिरात किंवा अंगणवाडीत चार लोक जमले तरी मी येईन, नकाशांच्या नकला माझ्याकडे आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणा झाल्यास कृपया तो द्यावा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
शाहूपुरी, सातारा